कचेरीतला चहा आणि नवे सोवळे

आदिलाबाद जिल्ह्यात हत्नूर हे नाव धारण करणारी दोन मंडलगावे आहेत : एक गुडीहत्नूर, दुसरे बाजारहत्नूर. तेलुगूत गुडी म्हणजे देऊळ. बाजार हा शब्द तर आपणां सर्वांचाच. एकाच नावाला एकीकडे देऊळ आणि दुसरीकडे बाजार जोडलेला असावा, हे आम्हांस मोठे सूचक वाटते. कारण आज ज्या पदार्थाविषयी आम्ही लिहिणार आहोत तो निःसंशय बाजारातून आपल्याकडे आला. परंतु आपल्या घरात, आपल्या कचेरीत, इतकेच काय, आपल्या उपासाच्या दिवशीही त्याने जे स्थान मिळविले आहे ते केवळ बाजारी खचित नाही. हा पदार्थ म्हणजे चहा.

बाजारहत्नूर येथे आमचे एक स्नेही एका कचेरीत नोकरीस आहेत. गाव लहान, भोवताली कापसाची शेते आणि त्यांपलीकडे सागाचे रान. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये तो आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगण राज्यात आहे. राज्ये बदलली, तरी कचेरीच्या ओट्यावर तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा आजही एकमेकींना ओ देतात. मागील हिवाळ्यात स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला, तेव्हा त्यांनी टेबलाचा खण उघडून आम्हांस चार डबे दाखविले. एकात दार्जिलिंगचा चहा, दुसऱ्यात आसामचा, तिसऱ्यात निलगिरीचा आणि चौथ्यात कांगड्याचा हिरवा चहा. पूड नव्हे, वळलेली, सुटी, अखंड पाने. शेजारी विजेची किटली, झाकणाची एक चिनी मातीची चहादाणी आणि गाळणी. ‘तुम्ही पुस्तकांवर टीका लिहिता, एकदा यांच्यावर लिहा,’ असे ते हसत म्हणाले. आम्ही तीन दिवस त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून हे चारही चहा चाखले, आणि चाखता चाखता आणखीही काही पाहिले. जे चाखले आणि जे पाहिले, त्या दोहोंविषयी आमचा अभिप्राय येथे नोंदवीत आहो.

चहा हा टीकेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणी घेईल. त्यास आमचे उत्तर असे की, रस हा शब्द साहित्यशास्त्रात येण्यापूर्वी जिभेवर होता. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रसाची कल्पना समजावून देताना दृष्टांत घेतला तो नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न आस्वादणाऱ्या सुमनस पुरुषाचा. म्हणजे ज्या शास्त्राच्या बळावर आपण काव्याचे गुणदोष पाहतो, त्या शास्त्राने आपला पहिला धडा पानावर बसूनच गिरविला आहे. मग पेल्यातील रसाचा विचार करताना आपण संकोच का करावा? मात्र टीका करावयाची तर तिचे दोन्ही अंग सांभाळले पाहिजे : पदार्थ कसा आहे हे जसे सांगावयाचे, तसेच त्याच्या आस्वादाने आस्वाद घेणाऱ्याचे आणि त्याच्या भोवतालच्या माणसांचे काय होते, हेही सांगावयाचे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कामाच्या मध्ये चहा घेण्याची आपली चाल पुरातन तर नाहीच, पण ती आपण होऊन पडलेलीही नाही. १९०३ मध्ये इंग्रज सरकारने परदेशी जाणाऱ्या चहावर उपकर बसविला आणि त्या पैशातून चहाच्या प्रसाराचे काम सुरू झाले. हिंदुस्थानात चहा पिकत होता, पण हिंदुस्थानी माणूस तो पीत नव्हता. ही मळेवाल्यांची चिंता होती. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्यांत, खाणींत आणि कारखान्यांत मजुरांस चहासाठी थोडी सुटी मिळावी व तेथेच चहाचे दुकान असावे, यासाठी या मंडळींनी पुष्कळ खटपट केली. आज आपण ज्या सुटीला कामगाराचा हक्क मानतो, तिचा जन्म एका जाहिरातीच्या पोटी झालेला आहे.

परंतु जाहिरात करणाऱ्यांना जे हवे होते ते घडले नाही. त्यांची शिकवण अशी की, पाने भरपूर घ्यावीत, वरून उकळते पाणी ओतावे, आणि दूध-साखर हवी तर बेताची घालावी. नाक्यावरच्या चहावाल्याने ही शिकवण ऐकून घेतली आणि आपल्या हिशेबाने बदलून टाकली. त्याने पाने कमी केली, दूध व साखर वाढविली, आले आणि वेलदोडा ठेचून टाकला, आणि सगळे एकत्र उकळले. यात पाने कमी खपतात म्हणून मळेवाले नाराज झाले. पण गिऱ्हाईक खूष झाले. आम्ही तर असे म्हणू की, बाजारातल्या साध्या माणसाने मळेवाल्याच्या पाककृतीवर केलेली ही एक समर्थ टीका होती. पुढे १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पान दातेरी रुळांत चिरडून, फाडून त्याचे दाणे करणारे यंत्र बनविले. तोच सीटीसी चहा. तो लवकर उतरतो, रंग दाट देतो आणि दुधासमोर हार खात नाही. भारतात आज तयार होणारा बहुतांश चहा याच जातीचा आहे. तेव्हा कचेरीत येणारा उकाळ्याचा चहा म्हणजे काही बिघडलेला चहा नव्हे. तो स्वतःच्या नियमांनी चांगला किंवा वाईट ठरणारा एक स्वतंत्र प्रकार आहे. पोवाड्याला भावगीताच्या तराजूत तोलणारा टीकाकार जशी चूक करतो, तशीच चूक उकाळ्याला दार्जिलिंगच्या मापाने हिणविणारा करतो.

आता त्या चार डब्यांकडे वळू. पांढरा, हिरवा, ऊलाँग आणि काळा हे सर्व चहा एकाच जातीच्या झुडपापासून होतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. भेद आहे तो खुडल्यानंतरच्या संस्काराचा. पान कोमेजू दिले, वळले आणि त्याचा हवेशी पुरता संयोग होऊ दिला की काळा चहा. तो संयोग अर्ध्यावर थांबविला की ऊलाँग. आरंभीच वाफ किंवा आच देऊन तो थांबविला की हिरवा. एकाच कुळातील मुले वेगवेगळ्या गुरुगृही वाढावीत, तसे हे आहे. संस्कार माणसाला घडवितो की जन्म, या जुन्या वादात चहाचे झुडूप संस्काराच्या बाजूने साक्ष देते.

सकाळी कचेरी उघडताच आमचे स्नेही आसामचा डबा काढतात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यांनी आसामातील सिंगफो लोकांकडे जे झुडूप पाहिले, त्या स्थानिक जातीचे हे पान. याच मातीत मणिराम देवान यांनी हिंदी माणसाचे आरंभीचे मळे उभे केले, आणि १८५७ च्या उठावात सामील झाल्याबद्दल १८५८ मध्ये ते फाशी गेले. तेव्हा या पेल्यातील लाल रंगाकडे आम्ही केवळ रंग म्हणून पाहू शकत नाही. चव भरीव, किंचित भाजलेल्या धान्यासारखी. अखंड पानाच्या चहांत थोडे दूध सोसणारा हाच. पहाटेच्या रियाजातील खर्जासारखा हा चहा आहे : त्यात नखरा नाही, पण दिवसाला बैठक मिळते.

अकरा वाजता दार्जिलिंग. १८४१ मध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी तेथे चिनी जातीच्या चहाची पहिली लागवड केली, आणि २००४ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळविणारा हा भारतातील पहिला पदार्थ ठरला. वसंतातील पहिल्या बहराचा चहा फिकट, फुलासारखा सुगंधी. मे-जूनमधील दुसऱ्या बहराचा तांबूस, पिकल्या द्राक्षाच्या वासाचा. या द्राक्षगंधाचे एक कारण ऐकून आदिलाबादचा कापूसकरी चकित होईल. तुडतुडे हे कापसाचे हाडवैरी. पण त्याच कुळातील कीटकाने दार्जिलिंगचे कोवळे पान शोषले म्हणजे पान स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्ये निर्माण करते, त्यांतूनच तो सुगंध येतो. एका शेतातील हानी दुसऱ्या डोंगरावर गुण होऊन बसते. या चहाविषयी आमची तक्रार एवढीच की त्याची कीर्ती त्याच्या चवीपुढे चालते. स्नेह्यांनी दिलेला पहिल्या बहराचा पेला उत्तम होता. पण त्याच मळ्याचे नाव मोठे आहे म्हणून तो आणखी उत्तम लागला पाहिजे, अशी जी अपेक्षा ते आमच्या चेहऱ्यावर शोधत होते, ती आम्ही पुरी करू शकलो नाही.

जेवणानंतर कांगड्याचा हिरवा चहा. हिमाचलातील या खोऱ्यात १८४९ च्या सुमारास चिनी झुडपे लावली गेली; चहाने नाव मिळविले; आणि ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने मळे, कारखाने व माणसे यांचा एकच विध्वंस झाला. तेथील धंदा पुन्हा पूर्वीचा झाला नाही, तरी चहा उरला. चव हलकी, ओल्या गवताची आठवण देणारी. या चहाची निंदा आपल्याकडे फार होते आणि ती बहुधा करणाऱ्याच्याच चुकीने. हिरव्या पानावर कढत पाणी ओतले की ते कडू होतेच. उकळलेली किटली झाकण काढून चार-पाच मिनिटे स्वस्थ ठेवावी, पाणी ८० अंशांच्या आसपास उतरू द्यावे, आणि दोन मिनिटांत पाने वेगळी करावीत. ज्याला एवढा धीर नाही त्याने हिरव्या चहावर मत देऊ नये.

तिसऱ्या प्रहरी निलगिरी. हा आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील भाऊबंदांचा चहा. सुगंध मोकळा, अंग नितळ, कोणाशी भांडण नाही. याचा एक गुण बाजारहत्नूरसारख्या ठिकाणी विशेष मोलाचा आहे. आसामचा दाट चहा थंड झाला की ढगाळतो. निलगिरीचा पुष्कळ अंशी स्वच्छ राहतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांकडे धावतो, तेथे माठातल्या पाण्यात थंड केलेला निलगिरीचा पेला आणि त्यात लिंबाचे चार थेंब, याहून शहाणा चहा आम्हांस ठाऊक नाही. चारांमध्ये आम्ही पहिला मान यालाच देतो. नाव मोठे नाही, मागणे थोडे, देणे पुष्कळ.

पैशाची बाबही बोललीच पाहिजे. अखंड पानाचा डबा घेताना हात आखडतो, हे खरे. पण एका पेल्याला पाने लागतात सुमारे दोन ग्रॅम. शंभर ग्रॅमांत पन्नास पेले होतात, आणि चांगले पान दुसऱ्यांदा पाणी घातले तरी निराश करीत नाही. व्यापारातील पारख करणारे लोक तुलनेसाठी १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा घेऊन तो ६ मिनिटे मुरवतात. ती परीक्षकाची रीत. तीत दोष उघडे पडावेत हा हेतू असतो. रसिकाने तिचे अनुकरण करू नये. पुस्तक तपासणे निराळे आणि वाचणे निराळे.

पाण्याचा विचार मात्र दोघांनाही चुकत नाही. क्षारयुक्त पाण्यात चहा मंद होतो आणि वर तवंग धरतो. बोअरच्या पाण्याने हे वारंवार घडते. आमच्या स्नेह्यांचा पहिल्या वर्षाचा दार्जिलिंग असाच वाया गेला. गाळलेले पाणी आणू लागल्यावर त्यांना खरी चव कळली. ज्या जिल्ह्यात मेसराम कुळातील गोंड लोक दरवर्षी पायी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि पौषी अमावास्येला केसलापूरच्या नागोबाला त्याने अभिषेक करतात, त्या जिल्ह्यात पाण्याची थोरवी आम्ही निराळी सांगण्याची आवश्यकता नाही.

या चारही पेल्यांत एक गोष्ट समान होती, आणि आमच्या वाचकांना ती विशेष जवळची वाटेल. आपल्या पूर्वजांनी रस सहा मानले. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि शेवटी कषाय, म्हणजे तुरट. पैकी पहिल्या चारांची आपण रोज आराधना करतो, कडूला कारल्यापुरते आणि पाडव्याच्या कडुलिंबापुरते जवळ करतो. तुरटपणा मात्र जिभेला लागताच आपण तोंड फिरवितो. चहाचा मूळ स्वभाव कषाय आहे. दुधातील प्रथिने चहाच्या तुरट द्रव्यांना बांधून टाकतात, म्हणून दुधाचा चहा जिभेवर गुळगुळीत उतरतो. पाण्यावरचा चहा पिणे म्हणजे एका उपेक्षित रसाची पुन्हा ओळख करून घेणे होय. ही ओळख कोंकणी घरांना तर नवीन नसावी. धणे, जिरे, बडीशेप, मिरी भाजून, कुटून जो कषाय आपल्याकडे घरोघर केला जातो, त्याचे नावच या रसावरून आले आहे. चहापूर्वी सकाळचा पेला त्याचा होता, आणि अजूनही कित्येक घरांत आहे. पानाचा चहा ही विलायती फॅशन आहे असे म्हणणाऱ्याने आपल्या आजीच्या चुलीकडे एकदा वळून पाहावे.

येथवर आम्ही स्तुतीच अधिक केली. आता आम्ही जे पाहिले त्याकडे येतो.

या कचेरीत रोज दोन वेळा सर्वांसाठी चहा होतो. तो करणारे वयस्क गृहस्थ आहेत; तिकडे शिपायाला अटेंडर म्हणतात, पण सगळी कचेरी त्यांना मामा म्हणूनच हाक मारते. मामा मागच्या पडवीत स्टोव्हवर उकाळा करतात आणि स्टीलचे पेले तबकात घेऊन टेबलामागून टेबल फिरतात. पहिल्या दिवशी आम्ही पाहिले की ते तबक आमच्या स्नेह्यांच्या टेबलाशी थबकत नाही. मामा नजर खाली ठेवून पुढे जातात. स्नेह्यांना त्याचे काही वाटत नव्हते. उलट ‘आता मला तो उकाळा घशाखाली उतरत नाही’ असे ते आम्हांस, थोड्या अभिमानानेच, म्हणाले. चार डब्यांचा खण त्यांनी कुलपात ठेवला होता. कोणी मागेल म्हणून नव्हे, तर ‘यांना त्यातले काय कळणार’ म्हणून.

ते ऐकून आम्हांस १८९० सालच्या पुण्याची आठवण झाली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने जमली. शेवटी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावून पेला बाजूला ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली आणि एकच गहजब उडाला. कारण त्या नावांत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये स्नेह्यांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोलही ऐकून घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत याचा वृत्तांत आहे. आज आपण हे प्रकरण वाचून हसतो. परंतु हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की, वाद चहाच्या चवीचा नव्हताच. तो कोणाच्या हातचा, हाच वाद होता.

आणि ही गोष्ट पुण्याच्या प्रतिष्ठितांपाशी संपत नाही. पंचहौदचा वाद वर्तमानपत्रांत गाजला. ज्याचा गवगवा झाला नाही असे पुष्कळ काही खेड्यापाड्यांतील हॉटेलांत त्यानंतर कित्येक दशके चालत राहिले. महाराष्ट्रात आणि तेलुगू मुलखात अनेक गावी दलितांसाठी वेगळे पेले बाहेर ठेवलेले असत. चहा एकच, पैसे तेच, पण पेला निराळा, आणि तो पिणाऱ्यानेच विसळून ठेवावयाचा. तेथे प्रायश्चित्त कोणी कोणाकडून मागितले नाही. चहाला आपल्या समाजात एवढा इतिहास आहे. म्हणून पेला वेगळा करताना आपला हात थोडा अडखळला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आमच्या स्नेह्यांचे मन जातिभेदाचे नाही. हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. त्यांनी जे सोवळे मांडले होते ते रसिकतेचे. पण सोवळे कोणत्याही निमित्ताने मांडले तरी बाहेर उभ्या राहणाऱ्याला ते सारखेच जाणवते. पंगतीत वाढताना एकाच्या पानावर तूप जास्त आणि दुसऱ्याच्या पानावर कमी पडले तर आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यास पंक्तिप्रपंच म्हटले आणि दोष मानला. वेगळ्या आवडीचे पान वेगळे असण्यास कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती पंगतीतून उठून जाण्याला, आणि उठताना उरलेल्यांच्या पानाकडे नाक मुरडण्याला. हेच आम्ही त्या रात्री स्नेह्यांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘मामांनी विचारणे कधी बंद केले, हे माझ्या लक्षातच आले नाही.’

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खणाचे कुलूप काढून चारही डबे मधल्या टेबलावर मांडले आणि सर्वांसाठी निलगिरीचा चहा केला. त्या समारंभाचे आम्ही भाबडे वर्णन करणार नाही. सात माणसांपैकी दोघांना चहा मनापासून आवडला. एकाने भिडेखातर संपविला. एकाने साखर मागितली, आणि ती मिळाल्यावर आणखी मागितली. मामांनी पेला नाकाशी धरला, एक घोट घेतला आणि विचार करून म्हणाले, ‘वास लई चांगला हाय साहेब. पण ह्यो बसून पिण्याचा चहा हाय. आमचा चहा उभ्यानं पिण्याचा.’ आम्ही चहावर पुष्कळ वाचले आहे. दोन प्रकारांतील भेद इतक्या थोडक्या शब्दांत सांगितलेला आमच्या वाचनात नाही.

मामांच्या या वाक्यात पानाच्या चहाची बाजूही आली आहे, हे विसरता कामा नये. कचेरीत बसून पिण्याच्या वेळा नाहीशा होत आहेत. पान पाण्यात उलगडण्यास तीन मिनिटे लागतात. ती तीन मिनिटे कोणताही साहेब कमी करू शकत नाही. त्या वेळात आपण कागद खाली ठेवतो, समोरच्या माणसाचा चेहरा पाहतो, आणि हातातले काम खरोखर एवढे तातडीचे आहे काय याचा विचार करतो. संध्येच्या वेळी आचमनासाठी जसा क्षणभर हात थांबतो, तसा हा थांबा आहे. ज्या चहाने माणसाला आपल्या कामाकडे आणि आपल्या शेजाऱ्याकडे अधिक सावधपणे पाहावयास लावले, तो चहा सफल झाला. ज्याने त्याला फक्त आपल्याच जिभेकडे पाहावयास लावले, तो कितीही उंच डोंगरावरचा असो, आम्ही त्यास उणा म्हणू.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण कोल्लूरला मूकांबिकेच्या दर्शनास जाऊन आले असतील. तेथे रात्रीच्या मंगलारतीनंतर भक्तांना कषायतीर्थ मिळते. आद्य शंकराचार्य आजारी असता देवीने स्वतः त्यांना कषाय करून दिला, अशी त्यामागील कथा आहे. आणखी दक्षिणेस, कण्णूरजवळ परशिनिकडवू येथे मुत्तप्पन देवाच्या दारी येणाऱ्या प्रत्येकास, तो कोणत्या जातीचा वा धर्माचा हे न विचारता, उकडलेले कडधान्य, खोबऱ्याचा तुकडा आणि पेलाभर चहा प्रसाद म्हणून देतात. बाजारातून निघालेला हा पदार्थ अखेर गुडीत जाऊन पोचला, तो आपल्या सुगंधाच्या बळावर नव्हे. सर्वांना एकाच हाताने वाढता येतो, या एका गुणावर. कोल्लूरच्या कषायाची चव कशी आहे याची चर्चा तेथे कोणी करीत नाही, आणि तरी तो कोणी टाकीत नाही.

म्हणून आमचा अभिप्राय असा. कामाच्या ठिकाणी पानांचे नाना चहा ठेवावेत, त्यांची पारख शिकावी, पाण्याची आणि वेळेची शिस्त पाळावी; ही रसिकता आहे आणि तिची लाज बाळगू नये. पण डबे खणात कुलूपबंद न ठेवता मधल्या टेबलावर ठेवावेत, आणि सर्वांसाठी येणारा पेला दिवसातून एकदा तरी सर्वांबरोबर घ्यावा.

निघण्याच्या दिवशी सायंकाळी मामा नेहमीप्रमाणे तबक घेऊन आले. या वेळी ते स्नेह्यांच्या टेबलाशी थांबले, पण काही बोलले नाहीत. स्नेह्यांनी पेला उचलला. मामांनी आमच्यासाठी दुसरा पेला काठोकाठ भरला. त्यात आले जरा अधिक झाले होते, आणि साखर तर खूपच अधिक. टीकाकार या नात्याने हे दोन्ही दोष आम्ही येथे नोंदवितो. पेला मात्र आम्ही तळापर्यंत संपविला.